सहा जोड मोजे आणि नसलेला कोच: ‘एडी द ईगल’चा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खऱ्या माणसावर सुखान्त विनोदी चित्रपट लिहायचा तर खरं किती ठेवायचं, हा प्रश्न पटकथेच्या कार्यशाळेत हमखास निघतो. निघाला की मी ‘एडी द ईगल’ (गरुड एडी) या ब्रिटिश स्की-पटूवरच्या 2016च्या चित्रपटाचं प्रकरण काढतो. नायकाचं नाव जगजाहीर आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. कार्यशाळेतल्या मंडळींची नावं मात्र गाळली आहेत.

मायकेल एडवर्ड्स 1963 साली इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला जन्मला. आडनावावरून दोस्तमंडळी त्याला एडी म्हणायची. मराठी कानाला एडी आणि येडा यांत फारसं अंतर वाटत नाही, आणि त्या काळात ब्रिटनमधल्या बऱ्याच लोकांनाही ते वाटलं नसावं. धंदा गिलाव्याचा, म्हणजे भिंतींना प्लास्टर करायचं. हौस मात्र बर्फावरच्या शर्यतींची. तो चांगल्यापैकी वेगवान स्की-पटू होता आणि 1984च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी ब्रिटनच्या संघातली त्याची जागा थोडक्यात हुकली. चित्रपट पाहिलेल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. हा काही रस्त्यावरून उचलून उंच कड्यावर उभा केलेला माणूस नव्हता.

पुढे सरावासाठी तो अमेरिकेत लेक प्लॅसिडला गेला. तिथे पैसे संपत आले. उतारावरच्या शर्यतींना खर्च फार, आणि ब्रिटनच्या संघात जागा मिळवायला स्पर्धाही फार. शेजारीच स्की जंपिंगचे धक्के दिसत होते, म्हणजे पायात स्की बांधून घसरत येऊन हवेत झेप घ्यायचे उंच उतरते मचाण. ब्रिटनमध्ये स्की जंपिंग करणारं दुसरं कुणी नव्हतंच. म्हणजे रांगेत तो एकटाच.

जॉन व्हिस्कोम आणि चक बर्गहॉर्न या दोघांनी त्याला तिथे उडी मारायला शिकवलं. साहित्य बर्गहॉर्नचं. बूट इतके मोठे की पाय बसावा म्हणून एडी एकावर एक मोज्यांचे सहा जोड चढवायचा. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यावर गॉगल, आणि थंडीत आतून सगळं धुक्यासारखं भरून जायचं. वजन साधारण 82 किलो, वजनात त्याच्या खालोखाल असलेल्या खेळाडूपेक्षाही नऊ किलोंहून जास्त. ज्या खेळात माणसं पिसासारखी व्हायला बघतात, तिथे हे गडी असे.

1987 मध्ये जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत तो उतरला आणि त्या जोरावर कॅनडातल्या 1988च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकचं दार उघडलं. पात्र ठरल्याची बातमी आली तेव्हा तो फिनलंडमध्ये गिलाव्याची कामं करत होता आणि एका मनोरुग्णालयात राहत होता. रुग्ण म्हणून नव्हे. दुसरीकडे राहायला पैसे नव्हते, म्हणून.

हा प्रसंग लक्षात ठेवा. शेवटी तिथेच यायचं आहे.

कॅलगरीत 70 मीटरच्या धक्क्यावरून (हे धक्क्याच्या गटाचं नाव, उंची नव्हे) त्याच्या दोन्ही उड्या 61 मीटरच्या झाल्या. फिनलंडच्या मात्ती न्यूकॅनेननं दोन्ही वेळा 89.5 मीटर गाठले. या खेळात अंतराचे गुण असतात आणि पाच पंच उडीच्या डौलाचे गुण देतात, त्यातले सगळ्यात वरचे नि सगळ्यात खालचे वगळले जातात. न्यूकॅनेन 229.1, एडी 69.2. नऊ दिवसांनी 90 मीटरच्या धक्क्यावर एडीच्या उड्या 71 आणि 67 मीटरच्या. तिथेही शेवटचा. पण 71 मीटर हा ब्रिटनचा विक्रम ठरला आणि समारोपाच्या भाषणात संयोजन समितीच्या प्रमुखांनी ‘काही जण तर गरुडासारखे झेपावले’ असं म्हणताच प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर केला.

पेच

आता पटकथा लिहिणाऱ्याच्या जागी बसा. तुमचा नायक दोन स्पर्धांत उतरतो आणि दोन्हींत शेवटचा येतो. मधला फरकही असा नाही की ‘थोडक्यात हुकलं’ म्हणता येईल. शेवटच्या दृश्यात स्टेडियम उभं राहायला हवं, आणि ते कशासाठी उभं राहिलं हे प्रेक्षकाला पटायला हवं.

दुसरी अडचण हसण्याची. 1988 मध्ये लोक त्याच्यासोबत हसत होते तसे त्याच्यावरही हसत होते. इटलीच्या एका पत्रकारानं तर त्याची ‘उडी मारणारा नव्हे, पडणारा’ अशा अर्थानं खिल्ली उडवली. चित्रपट विनोदी हवा, म्हणजे पडझड दाखवावी लागणार. पण पडझड दाखवून प्रेक्षक फिदीफिदी हसला की माणूस हातचा गेला.

तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यात अवघड, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. एडी एकटा होता. गाडीत झोपणारा, परक्या मुलुखात फिरणारा, स्वतःच्या पैशानं सराव करणारा माणूस बोलणार कुणाशी? कादंबरीत तो मनाशी बोलू शकतो. पडद्यावर त्याला समोर कुणीतरी लागतं.

समोर असलेले पर्याय

हा चित्रपट बरीच वर्षं रखडला होता. 2007च्या सुमारास मुख्य भूमिकेसाठी बोचऱ्या विनोदासाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टीव्ह कूगनचं नाव जाहीर झालं होतं, पुढे ‘हॅरी पॉटर’मधल्या रुपर्ट ग्रिंटचं आलं. नट बदलला की चित्रपटाची जात बदलते. कूगनच्या हातून कदाचित तिखट, बोचरा चित्रपट झाला असता, ज्यात प्रसिद्धीची हाव, वर्तमानपत्रांचा उथळपणा आणि नायकाचा स्वतःबद्दलचा भ्रम यांची टर उडाली असती. 1988च्या ब्रिटनवर तसं लिहायला भरपूर जागा आहे.

घडलं तसंच दाखवायचं, हा दुसरा रस्ता. लेक प्लॅसिड, उसने बूट, फिनलंडचं रुग्णालय, शेवटचा क्रमांक. कार्यशाळेत तरुण मंडळी नेहमी याच रस्त्याला हात वर करतात. मग मी त्यांना पहिल्या वीस मिनिटांचे संवाद लिहायला सांगतो, आणि साधारण चौथ्या पानावर हात खाली येतात.

तिसरा रस्ता मळलेला आहे. त्याच कॅलगरीत जमैकाचा बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा, संघ उतरला होता, आणि त्यांच्यावरचा ‘कूल रनिंग्ज’ 1993 मध्ये येऊन गाजला होता. त्यात चारही खेळाडू काल्पनिक, आणि त्यांना घडवणारा बदनाम झालेला अमेरिकन माजी खेळाडू हाही काल्पनिक. बापाच्या वयाचा, आयुष्यात एकदा घसरलेला, आधी ‘नाही’ म्हणणारा आणि मग जीव ओतणारा कोच. हा साचा चालतो हे सिद्ध झालेलं होतं.

काय केलं

2016 मध्ये आलेल्या चित्रपटात दिग्दर्शक डेक्स्टर फ्लेचर आणि निर्माता मॅथ्यू व्हॉन यांनी तिसरा रस्ता धरला. एडी झाला टॅरन एजर्टन. कोच म्हणून ह्यू जॅकमनचा ब्रॉन्सन पिअरी आला, जो प्रत्यक्षात कधी नव्हताच. बर्फ सपाट करायचं यंत्र चालवणारा, खिशात दारूची बाटली बाळगणारा, तोंडात सिगारेट धरून 90 मीटरच्या धक्क्यावरून झेपावणारा माणूस. त्याचा जुना गुरू वॉरन शार्प हाही काल्पनिक, भूमिकेत ख्रिस्टोफर वॉकेन. लेक प्लॅसिड गेलं, सराव जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्शेनला नेला.

व्हिस्कोम, बर्गहॉर्न आणि ते उसने बूट या एका निर्णयात गोष्टीबाहेर पडले. मिळालं काय? बोलायला माणूस, भांडायला माणूस, आणि शेवटच्या उडीआधी खाली उभं राहून वर बघणारा एक चेहरा. पटकथेच्या हिशोबात हा सौदा तोट्याचा नाही, हे मान्य करायलाच हवं.

मला जास्त शिकवणारा बदल मात्र दुसरा आहे. चित्रपटात ब्रिटिश ऑलिंपिकचे अधिकारी एडीची वाट अडवायला पात्रतेची अट अचानक वाढवतात. किमान 61 मीटर. एडी झगडतो, ती गाठतो, दार उघडतं. प्रत्यक्षात काळ उलटा चालला. एडी गेला, शेवटचा आला, जगभर गाजला, आणि त्यानंतर 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं नियम आणला: आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये वरच्या 30 टक्क्यांत किंवा पहिल्या 50 जणांत, यांतला जो आकडा लहान असेल त्यात, जागा मिळवलेलाच ऑलिंपिकला येईल. लोक त्याला ‘एडी द ईगल नियम’ म्हणू लागले. म्हणजे चित्रपटातलं दार आधी बंद होतं आणि नायक ते उघडतो. खरं दार त्याच्यासाठी सताड उघडं होतं. तो आत गेला आणि त्याच्यामागे कायमचं लागलं. पुढच्या ऑलिंपिकांसाठी त्यानं प्रयत्न केले, पात्र ठरला नाही.

विनोदी चित्रपटाला पहिली घटना हवी असते, दुसरी नको. तरी हा बदल करताना एक बाजू गडप झाली, अधिकाऱ्यांची. चित्रपटात ते नुसते कोट घातलेले तुसडे लोक आहेत. पण वाऱ्यात 90 मीटरच्या धक्क्यावरून अननुभवी माणूस सोडणं जिवावर बेतू शकतं. शिवाय ज्यांनी लहानपणापासून हाडं झिजवली त्यांच्याऐवजी सगळे कॅमेरे शेवटच्या माणसाकडे वळले, ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. आपल्याकडे जत्रेत हौशे, नवशे, गवशे असे तिघेही येतात आणि कुणी कुणाला हाकलत नाही. ऑलिंपिक जत्रा आहे की परीक्षा, हा वाद तेव्हा खरोखरच पेटला होता. त्याच कॅलगरीत भारताकडून उतरलेल्या तिघांमध्ये शैलजा कुमार होती, हिवाळी ऑलिंपिकमधली पहिली भारतीय महिला. पदकाच्या आसपासही तिचं नाव नव्हतं. म्हणून तिनं यायचं नव्हतं का? या प्रश्नाचं सरळ उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि एखादं पात्र हाच गोंधळ घेऊन पडद्यावर वावरलं असतं तर मला आवडलं असतं.

हसण्याचा पेच मात्र त्यांनी फार हुशारीनं सोडवला. चित्रपटात 70 मीटरच्या उडीनंतर एडी पंख फडफडवल्यासारखे हात हलवत नाचतो, प्रेक्षक खूश, पत्रकार खूश. आपणही हसतो. आणि मग पिअरी फोनवरून त्याला झापतो: लोक तुला विदूषक समजताहेत. तो बोल एडीइतकाच आपल्यालाही लागतो, कारण आत्ता आपणच हसलेलो असतो. एडी पत्रकारांसमोर येतो, झाल्या प्रकाराबद्दल वरमतो आणि सांगतो की आपण 90 मीटरवरूनही उडी मारणार. प्रत्यक्षातल्या वेळापत्रकात दोन स्पर्धांमधलं नऊ दिवसांचं अंतर नुसतं अंतर होतं. इथे ते नायकाच्या निर्णयाचं कारण झालं. खोटं आहे, पण मुरलेल्या हाताचं खोटं आहे.

त्यानंतर लिफ्टमध्ये एडी आणि न्यूकॅनेन दोघेच. न्यूकॅनेन त्याला सांगतो की तू आणि मी घड्याळातल्या एक आणि अकराच्या आकड्यांसारखे आहोत, बाकीच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ. पहिल्या आणि शेवटच्याला एका पातळीवर आणायला याहून कमी शब्दांत जमलं नसतं. विजयाची व्याख्या बदलण्याचं सगळं काम या दीड मिनिटात होतं. मग उडी, आणि तोल सांभाळत दोन्ही पायांवर उभं राहणं. गुणफलकाकडे तोवर कुणाचं लक्षच राहिलेलं नसतं.

(जाता जाता. खऱ्या न्यूकॅनेननं कॅलगरीत तीन सुवर्णपदकं जिंकली. नंतरचं आयुष्य दारू आणि तुरुंगाच्या फेऱ्यांत गेलं, आणि 2019 मध्ये 55व्या वर्षी तो वारला. अकराच्या आकड्याचं काय झालं, हा वेगळाच चित्रपट आहे आणि तो विनोदी नाही.)

निष्पत्ती

साधारण 2.3 कोटी डॉलरमध्ये झालेल्या चित्रपटानं जगभरात 4.6 कोटींच्या आसपास गल्ला जमवला. प्रचंड नव्हे. पण शाळा, क्लब, खेळाच्या शिबिरांत तो अजून दाखवला जातो आणि मुलं शेवटी टाळ्या वाजवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. 2016 नंतर एडीची ओळख असलेली एक नवी पिढी तयार झाली, आणि या पिढीच्या डोक्यात त्याचा कोच ह्यू जॅकमन आहे.

चित्रपट 1988 मध्येच थांबतो, विमानतळावर. बापाच्या अंगात ‘मी एडीचा बाप’ असं लिहिलेला स्वेटर. नंतरचं त्यात नाही. मिळालेले पैसे एका न्यासात ठेवले होते, त्याची रचना नीट झाली नव्हती असं एडीचं म्हणणं, आणि 1992 मध्ये त्यानं दिवाळखोरी जाहीर केली. मग काय केलं गड्यानं? लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, 2003 मध्ये. मधल्या काळात फिनिश भाषा येत नसताना त्या भाषेत गाणंही म्हटलं आणि ते तिकडे चाललं. आणि ज्या ऑलिंपिकनं त्याच्यामागे दार लावलं होतं, त्याच ऑलिंपिकच्या 2010च्या ज्योतयात्रेत तो मशाल घेऊन धावला. एवढं सगळं असताना पुढचा भाग कुणी काढला नाही याचं मला नवल वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा कोचचा. कोच काल्पनिक असावा याला माझा विरोध नाही. पण तो बदनाम, दारुडा, गुरूनं टाकलेला असण्याची गरज होती का? ‘कूल रनिंग्ज’नंतर 23 वर्षांनी, त्याच ऑलिंपिकवरच्या दुसऱ्या चित्रपटात पुन्हा तोच माणूस दिसतो. दोन्हीकडे गोष्ट हळूहळू कोचच्या उद्धाराची होते. पिअरी आणि शार्प यांचा समेट झाल्यावर आपल्याला हायसं वाटतं, आणि त्या क्षणी चित्रपट एडीचा नसतो. प्रत्यक्षातले दोघं शिक्षक असे कुणी शापित वगैरे नव्हते. एका उपऱ्या, जाड चष्म्याच्या माणसाला त्यांनी शिकवलं, आणि त्यातल्या एकानं आपले मोठ्या मापाचे बूट दिले. उद्धारबिद्धार काही नाही. साधी मदत. अशा मदतीवर विनोद लिहिणं अवघड असतं, म्हणूनच करून बघायला हवं होतं. बूट देणारा आणि सहावा मोजा चढवणारा यांच्यातल्या पाच मिनिटांत पडद्यावरची निम्मी मैत्री उभी राहिली असती.

दुसरा मुद्दा हास्याच्या जागांचा. चित्रपटात आई लहान एडीला पदकं ठेवायला एक डबा देते आणि त्यात साठत जातात फुटके चष्मे. हे दृश्य उत्तम आहे, कारण विनोद वस्तूतून येतो, पात्राची टवाळी करून येत नाही. खऱ्या गोष्टीत अशा वस्तूंची रेलचेल आहे. एडीच एक किस्सा सांगतो: हेल्मेट दोरीनं बांधलेलं, उडीत दोरी तुटली आणि हेल्मेट त्याच्यापेक्षा लांब गेलं. एवढं तयार ताट समोर असताना मेहनतीनं नवं रांधायचं, ही सवय पटकथाकारांना असते. मलाही आहे.

तिसरा, शेवटाचा. 1990च्या नियमाची एक ओळ शेवटी पडद्यावर आली असती तर सुखान्त बिघडला असता का, यावर कार्यशाळेत दरवेळी खडाजंगी होते. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, तसं एकदा एक बाई म्हणाल्या होत्या की लोकांनी पैसे हसायला दिलेत, रडवायला कशाला? तेव्हा मागच्या रांगेतून एका कबड्डीच्या प्रशिक्षकानं विचारलं, ‘नियम बदलायला लावणारा खेळाडू हरला असं कुठे म्हणतात?’ मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय. पटकथेत कुठे बसेल ते अजून ठरलेलं नाही.

आणि आता फिनलंड. सगळ्यांना मी अखेरीस एकच प्रसंग लिहायला देतो: मनोरुग्णालय, संध्याकाळ, एडी कामावरून आलेला, हाताला ओला गिलावा. पात्र ठरल्याची बातमी येते. कोच नाही, बाप नाही, प्रेक्षक नाहीत. कुणाला सांगणार? तिसऱ्या अडचणीचं उत्तर याच खोलीत शोधायचं, बाहेरून माणूस आणायचा नाही, एवढीच अट.

बहुतेक जण त्याला आरशासमोर उभा करतात. कुणी आईला फोन लावून देतं. मागच्या वर्षी एका मुलीनं, व्यवसायानं नर्स, दीड पान लिहिलं. एडी कागद हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये येतो. बाकावर एक म्हातारा रुग्ण बसलेला आहे. दुसरं कुणीच नाही. एडीला राहवत नाही.

‘आजोबा, मी ऑलिंपिकला चाललोय.’

म्हातारा त्याच्याकडे नीट बघतो, बाकावर थोडा सरकून जागा करून देतो आणि म्हणतो, ‘मीपण. तू कशात आहेस?’